गडावर पहारा, पायथ्याशी राजधानी

चिखलदऱ्याला येणारा पर्यटक गाविलगड पाहतो आणि परततो. ज्या शहराच्या रक्षणासाठी हा गड उभा राहिला, ते अचलपूर मात्र बहुतेकांचं पाहायचं राहून जातं. वऱ्हाडचा मध्ययुगीन इतिहास समजून घ्यायचा, तर ही दोन्ही ठिकाणं एकत्रच पाहायला हवीत.

अचलपूर म्हणजे जुनं एलिचपूर. एका बाजूला सातपुडा, दुसरीकडे काळीभोर सुपीक जमीन. महसूल इथं भरपूर होता, पण डोंगरापलीकडे माळव्याचे सुलतान टपलेले. म्हणून बहमनी सुलतान अहमदशहा वलीने १४२५-२६च्या सुमारास अचलपुरात तळ ठोकला आणि मेळघाटाच्या माथ्यावर गाविलगड बांधून घेतला. अकोल्याच्या बाजूचा नरनाळा किल्लाही त्याने दुरुस्त केला.

पुढे बहमनी सत्ता खिळखिळी झाली. वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्ला इमादुल्मुल्क याने १४९०मध्ये स्वतंत्र इमादशाही सुरू केली. राजधानी अचलपूर, पाठीशी गाविलगड. इतिहासकार फरिश्ता सांगतो, की फतहुल्ला मूळचा विजयनगरकडचा ब्राह्मण. लढाईत लहानपणी पकडला गेला आणि मुसलमान झाला. गडाच्या दिल्ली दरवाजावर आजही दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला दिसतो. दक्षिणेतल्या राजघराण्यांचं हे आवडतं चिन्ह. वऱ्हाडच्या सुलतानाच्या दारावर ते पाहिलं, की त्या काळच्या माणसांची मुळं किती दूरवर पसरलेली होती ते कळतं.

इमादशाही १५७४मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने संपवली. १५९६मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेला आणि दोन वर्षांनी गाविलगडही. मराठेशाहीत तो नागपूरकर भोसल्यांचा झाला. २९ नोव्हेंबर १८०३ला अडगावच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाला, तशी इंग्रज फौज गडावर चालून आली. कर्नल स्टीव्हन्सनने डोंगरातून वाट काढत तोफा उत्तरेकडे चढवल्या, आर्थर वेलस्ली दक्षिणेकडून भिडला. १५ डिसेंबरला गड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोनच दिवसांत भोसले आणि इंग्रजांमध्ये देवगावचा तह झाला.

१८५८मध्ये इंग्रजांनी तटबंदी निकामी केली. अचलपूरचा स्वतंत्र जिल्हाही १९०५मध्ये अमरावतीत विलीन झाला. गडाचं बळ आणि शहराचा मान, दोन्ही गेले.

पुढच्या खेपेला चिखलदऱ्याला जाल, तेव्हा अर्धा दिवस अचलपूरसाठी राखून ठेवा. तिथली हौजकटोरा ही जुनी वास्तू पाहा, जुन्या वेशी पाहा. आणि गडावर गेलात तर भिंतींवर नावं कोरू नका, कोणी कोरत असेल तर त्याला अडवा. वऱ्हाडच्या राजधानीची एवढी राखण आपल्याकडून व्हायलाच हवी.