नाडीचे भोक लहान, पण मालाची परीक्षा तेथेच

कपड्याच्या धंद्यात गिऱ्हाईक आधी कापड, रंग आणि भाव पाहते. तक्रार निघते ती मात्र घरी गेल्यावर, आणि ती बहुधा बटणाची, शिवणीची किंवा नाडीची असते. पायजमा, सलवार, परकर, मुलांची चड्डी या सर्वांचा भार कमरेवर असतो आणि नाडी जेथून बाहेर येते त्या भोकाला रोज अनेकदा ओढ बसते.

आपल्या वस्त्यांत अनेक घरांतून बायका नगावर शिवणकाम करतात. शिलाई सरळ व स्वच्छ असते, पण नाडीचे भोक कात्रीने कापून तसेच सोडलेले असते. चार धुण्यांत तेथील धागे सुटतात, नेफा फाटतो आणि दुकानदार अख्खा नग परत पाठवतो. कापड व्यापाऱ्याचे, नाव दुकानाचे. कपात मात्र शिवणाऱ्या बाईच्या मजुरीत होते. म्हणून हे लहान काम नीट समजून घेण्यासारखे आहे.

जागा आणि अस्तर

सुती कापड आधी भिजवून, वाळवून घ्यावे. नाहीतर पहिल्या धुण्यात नेफा आटतो व नाडी अडकते. नेफ्याची रुंदी नाडीपेक्षा दोन-तीन सूत जास्त ठेवावी. भोके नेफा दुमडून शिवण्यापूर्वीच करावीत आणि ती फक्त दर्शनी पदरात असावीत. नेफा झाल्यावर भोक पाडले तर दोन्ही पदर कापले जातात व नाडी अंगाला घासते. समोरच्या मध्यशिवणीच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर खूण करावी. दोन भोकांत एक ते दीड इंच अंतर पुरते.

खुणेच्या मागे त्याच कापडाचा दीड इंचाचा चौकोनी तुकडा लावावा. मलमल, रेयॉन किंवा होजिअरीसारख्या कापडाला या अस्तराशिवाय भोक टिकत नाही.

हाताचे गोल काज

भोक शक्यतो कात्रीने कापू नये, आरीने पाडावे. आरी धागे तोडत नाही, बाजूला सारते. त्यामुळे कापडाची ताकद कायम राहते. नाडी जाड असेल तर मध्यभागी अगदी लहान चीर देऊन मग आरी घालावी. भोक हवे त्यापेक्षा किंचित लहानच ठेवावे, कारण टाके ओढले की ते मोठे होते.

प्रथम भोकाच्या कडेपासून साधारण एक सूत अंतरावर बारीक धावदोऱ्याचा गोल घालावा. मग मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्याने सुई भोकातून खाली घालून या गोलाच्या बाहेर वर काढावी. असे टाके एकमेकांना चिकटून, सारख्या लांबीचे घालावेत. प्रत्येक टाका बाहेरच्या बाजूस ओढावा. चार-पाच टाके झाले की आरी पुन्हा फिरवावी, म्हणजे गोलाई बिघडत नाही. शेवटी दोरा मागील टाक्यांखालून नेऊन तोडावा. गाठ मारून सोडलेला दोरा धुण्यात सुटतो.

मशीन आणि धातूची आयलेट

नग जास्त असतील तर मशीनचे काज परवडते. ते उभे घ्यावे. नाडीची ओढ आडवी असते. आडवे काज त्या ओढीने लांबत जाते. काज कापताना दोन्ही टोकांना टाचणी लावावी, म्हणजे पाते टाक्यांपलीकडे जात नाही.

धातूची आयलेट लवकर बसते, पण दोन गोष्टी पाहाव्यात. भोक आयलेटच्या नळीपेक्षा लहान हवे, नाहीतर पातळ कापडातून ती निसटते. दुसरे, माल घेताना लोहचुंबक लावून पाहावे. चुंबकाला चिकटली तर आत लोखंड असण्याची शक्यता मोठी. मुलामा गेला की गंज चढतो व पांढऱ्या पायजम्यावर डाग पडतो. पितळ चुंबकाला चिकटत नाही.

नाडी घातल्यावर मागच्या मध्यावर नेफा व नाडी मिळून एक पक्की उभी शिवण मारावी. नाडी एका बाजूने निघून येण्याची तक्रार मिटते.

निर्यातदारांनी लक्षात ठेवावे

मुलांच्या जाकिटाच्या टोपीची किंवा गळ्याची नाडी खेळण्यात, तर कमरेची नाडी वाहनाच्या दारात अडकून मृत्यू घडले आहेत. त्यामुळे अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने 1996 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि 2011 मध्ये नियम केला. मुलांच्या वरच्या बाह्य कपड्यांत गळ्याला नाडी चालत नाही. कमरेची नाडी कपडा पूर्ण ताणला असता 3 इंचांहून अधिक बाहेर असू नये, टोकाला गाठ किंवा मणी नसावा आणि नाडी अखंड असल्यास ती मध्ये शिवून पक्की करावी. ही खबरदारी देशी मालातही घेतलेली बरी.

शेवटी हिशोबाची गोष्ट. गोल काज सफाईने करायला वेळ लागतो आणि हा वेळ बहुतेक ठिकाणी नगाच्या भावात धरलाच जात नाही. मग कारागीर कात्री चालवतो, त्यात नवल नाही. व्यापारी बंधूंनी भाव ठरवताना काजाची मजुरी वेगळी लिहावी आणि माल तपासताना नाडी दोन्ही बाजूंनी ओढून पाहावी. कारागिरांनीही नमुन्याचा एक नग धुऊन दाखवावा व मगच भाव बोलावा. परत येणाऱ्या नगाचे भाडे आणि तुटलेले गिऱ्हाईक यांपेक्षा दोन काजांची मजुरी स्वस्तच पडते.