काळ्या पडद्यामागचा उजेड

लॅपटॉपवर सिनेमा चालू आहे आणि पडद्यावर अमावास्येची रात्र आहे. त्या क्षणी पडद्यामागचे दिवे काय करत असतात? साध्या एलसीडी पडद्यात ते पूर्ण ताकदीनं जळत असतात. आपल्याला दिसणारा काळोख म्हणजे अडवून धरलेला उजेड. आणि पडदा पांढराशुभ्र दिसत असतो तेव्हाही मागं निर्माण झालेल्या उजेडापैकी साधारण पाच-सात टक्केच डोळ्यांपर्यंत पोचतो. बाकीचा वाटेत जिरतो. एवढी उधळपट्टी दुसऱ्या कुठल्या यंत्रात असती तर आपण ते केव्हाच मोडीत काढलं असतं. पण या उरलेल्या पाच-सात टक्क्यांसाठी माणसानं जी डोकी लढवली आहेत, ती पाहिली की हसावं की थक्क व्हावं कळत नाही.

जुना, बाद झालेला लॅपटॉपचा पडदा कुणी दुरुस्तीवाला उघडत असेल तर जरूर शेजारी उभं राहावं. पुढची काच उचलली की तिच्यामागून एकेक करत पातळ शीट निघतात. काही दुधी असतात, काही चकाकत्या आणि जराशा खरखरीत. सगळ्यात मागं एक जाडसर पारदर्शक प्लास्टिकची पाटी असते आणि तिच्यापाठी पांढराशुभ्र कागदासारखा परावर्तक. दिवे मात्र कुठं दिसत नाहीत. नीट शोधलं तर ते पाटीच्या फक्त एका कडेला, खालच्या बाजूला सापडतात. तांदळाच्या दाण्याएवढ्या एलईडींची एक रांग. एवढ्याशा रांगेतून आख्खा पडदा सारखा उजळतो, आणि तोही बाजूनं दिवे लावून!

ही पाटी बहुधा अॅक्रिलिकची असते. अॅक्रिलिकचा अपवर्तनांक सुमारे १.४९. त्यामुळे आतला किरण पृष्ठभागाच्या लंबाशी ४२ अंशांपेक्षा जास्त कोन करून आदळला, तर तो बाहेर पडूच शकत नाही. पृष्ठभाग त्याच्यासाठी आरसा होतो, तोही कुठल्याही चांदीच्या आरशाहून चोख. याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात, हे शाळेत शिकलेलं असतं. शाळेत न सांगितलेली गंमत पुढची आहे. कडेतून आत शिरताना किरण आतल्या बाजूला वाकतो. तो कितीही तिरपा आला तरी आत शिरल्यावर कडेच्या लंबाशी ४२ अंशांच्या आतच राहतो. म्हणजे पाटीच्या वरच्या-खालच्या पृष्ठभागांवर तो नेहमी ४८ अंशांपेक्षा जास्त कोनानं आदळणार. थोडक्यात, कडेतून शिरलेल्या एकाही किरणाला सपाट पृष्ठभागातून सुटका नाही. भूमितीनंच दार लावून घेतलं आहे.

उजेड असा कोंडून नेता येतो हे जिनिव्हाच्या झां-दानियल कोलादोननं १८४१ मध्ये श्रोत्यांना दाखवलं. त्याला खरं तर पाण्याच्या धारेचा आकार दाखवायचा होता. मागच्या रांगेतल्यांना ती दिसेना. म्हणून त्यानं टाकीच्या एका बाजूनं सूर्यप्रकाश आत सोडला, आणि समोरच्या छिद्रातून उसळणाऱ्या धारेत तो उजेड असा अडकला की धार वाकली तिथं तोही वाकत गेला. पॅरिसच्या ऑपेरानं ही युक्ती रंगमंचावर वापरली. १८५४ मध्ये लंडनमध्ये जॉन टिंडॉलनंही असाच प्रयोग दाखवला आणि बरीच वर्षं श्रेय त्यालाच मिळत राहिलं. कोलादोनचं नाव आजही पाठ्यपुस्तकांत क्वचितच भेटतं, हे मला खटकतं.

मग अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा विल्यम व्हीलर नावाचा अभियंता आला. हा पाणीपुरवठ्यातला माणूस, त्यामुळे उजेडाकडेही तो त्याच नजरेनं बघत होता. तळघरात एक प्रखर विजेचा आर्क दिवा लावायचा, आणि आतून चकचकीत केलेल्या नळ्यांमधून त्याचा उजेड घरभर खोल्याखोल्यांत पोचवायचा. १८८१ मध्ये त्याला याचं पेटंटही मिळालं. पण एडिसनचा बल्ब नुकताच आला होता. खोलीतच दिवा लावता येत असताना उजेडाची नळजोडणी कोण घेणार? योजना कागदावर राहिली. पुढं शंभर-सव्वाशे वर्षांनी ती खरी झाली ती लॅपटॉपच्या आत, दोन-चार मिलिमीटरांच्याही आतल्या जाडीत.

कोंडलेला उजेड मग बाहेर काढायचा कसा? पाटी तिरपी धरून पाहिली तर मागच्या बाजूला असंख्य बारीक ठिपके दिसतात. काही पाट्यांवर ते पांढऱ्या शाईनं छापलेले असतात, काहींवर लेसरनं कोरलेले किंवा साच्यातच उठवलेले. किरण सपाट जागी आदळला तर परत फिरतो, ठिपक्यावर आदळला तर विखुरतो, त्याचा कोन बिघडतो आणि तो वरून निसटतो. प्रत्येक ठिपका म्हणजे एक दार. बोट कडेवरून पुढं सरकवत बघा, खरी हुशारी तिथं आहे: दिव्यांजवळ ठिपके बारीक आणि विरळ, आणि जसजसं दूर जावं तसतसे ते मोठे व दाट होत जातात. पाटाच्या पाण्याचं जसं असतं तसंच हे. तोंडाशी ज्यांची शेतं त्यांनी मनसोक्त भिजवलं तर टेलच्या शेतकऱ्याला ओंजळभरही उरत नाही. म्हणून वरची दारं अरुंद आणि खालची रुंद ठेवायची. ठिपक्यांची ही मांडणी संगणकावर हिशेब करून ठरवतात, आणि ती चुकली तर पडद्याची एक बाजू उजळ आणि दुसरी मळकट दिसते.

मोठ्या टीव्हींत बहुतेकदा वेगळी सोय असते. तिथं एलईडीच्या पट्ट्या थेट पडद्यामागंच लावलेल्या असतात, ज्यांना आपले मेकॅनिक 'बॅकलाइट पट्टी' म्हणतात. प्रत्येक एलईडीवर एक छोटं टोपीसारखं भिंग चिकटवलेलं असतं. नेहमीच्या भिंगाचं काम उजेड एकवटणं. हे भिंग उलट त्याला आडवं पसरवतं, म्हणजे कमी दिव्यांत मोठी जागा भागते. काही वर्षांनी उष्णतेनं गोंद सुटतो, टोपी गळून पडते आणि पडद्यावर अचानक एक पांढरा ढळढळीत ठिपका उगवतो. तो पाहून लोक पॅनेल गेलं म्हणून हाय खातात. गेलेली असते फक्त चार आण्यांची टोपी.

पुन्हा लॅपटॉपकडे. पाटीतून निघालेला उजेड चौफेर उधळलेला असतो, आणि बघणारा तर समोर बसलेला. तिरपा गेलेला उजेड शेजाऱ्याच्या कामाचा, आपल्या नाही. इथं ती खरखरीत चकाकती शीट कामाला येते. तिच्यावरून नख फिरवलं तर हलकीशी कर्रकर्र ऐकू येते, कारण तिच्यावर केसाहून बारीक घड्यांच्या रांगाच रांगा असतात. प्रत्येक घडी म्हणजे ९० अंशांच्या माथ्याचा एक लोलक. खालून तिरपे येणारे किरण या उतारांवर वाकून सरळ समोर वळतात. इथवर ठीक. पण जो किरण आधीच सरळ, नाकासमोर येतो, त्याचं काय होतं? तो एका उतारावर आदळतो, दुसऱ्यावर आदळतो आणि आल्या वाटेनं परत जातो! समोर उजेड हवा म्हणून लावलेली शीट सरळ येणाऱ्यालाच हाकलून देते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा छापण्यात चूक असावी असं वाटलं होतं. पण हाकललेला किरण वाया जात नाही. तो मागच्या पांढऱ्या परावर्तकावर आपटून विखुरतो, दिशा बदलून पुन्हा येतो, आणि कधी तरी योग्य कोनात सापडून पार होतो. अशा दोन शीट एकमेकींना काटकोनात ठेवल्या की समोरून दिसणारा उजेड जवळपास दुप्पट होतो. नवा प्रकाश थेंबभरही निर्माण न करता.

यानंतर येतो ध्रुवक, आणि त्याची गोष्ट सुरू होते कुत्र्याच्या लघवीत. ब्रिस्टलचे डॉक्टर विल्यम बर्ड हेरापथ यांच्या शिष्यानं क्विनाइन पाजलेल्या कुत्र्याच्या लघवीत आयोडीन टाकलं, तेव्हा हिरवे चमकदार स्फटिक तयार झाले. सूक्ष्मदर्शकाखाली हेरापथना दिसलं की दोन स्फटिक एकमेकांवर एका दिशेनं पडले तर पारदर्शक राहतात आणि आडवे पडले तर त्या जागी काळोख होतो. १८५२ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. प्रकाशलहरींची कंपनं सगळ्या दिशांनी होतात. हे स्फटिक फक्त एकाच दिशेच्या कंपनांना वाट देतात, आणि ध्रुवकाचं काम नेमकं हेच. अडचण अशी की स्फटिक नाजूक आणि टीचभरही नव्हे, इतके लहान.

हार्वर्ड अर्ध्यात सोडलेल्या एडविन लँडनं मोठ्या स्फटिकाचा नाद सोडला आणि असंख्य अतिसूक्ष्म स्फटिक एका पातळ पापुद्र्यात एकाच दिशेला ओळीनं बसवले. १९२९ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. १९३८ च्या सुमारास त्यानं स्फटिकही बाजूला ठेवले: पॉलिव्हायनिल अल्कोहोलचा पापुद्रा ताणायचा, म्हणजे त्याचे लांबलचक रेणू एका दिशेत येतात, आणि त्याला आयोडीन पाजायचं. आज आपल्या मोबाइलच्या, लॅपटॉपच्या पडद्यातला ध्रुवक मुळात हाच आहे. ताणलेलं प्लास्टिक आणि जखमेवर लावतात ते आयोडीन. लँडच्या मनात मात्र पडदा नव्हता, मोटारीचे हेडलाइट होते. प्रत्येक गाडीच्या दिव्यावर आणि काचेवर ४५ अंशांत तिरपा ध्रुवक लावला, तर समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे डोळ्यांवर येणारच नाहीत, असा त्याचा हिशेब होता. मोटार कंपन्यांनी तो मनावर घेतला नाही. रात्री घाटात समोरून फुल्ल लाइट मारत ट्रक येतो तेव्हा लँडची आठवण येण्यासारखी आहे.

ध्रुवकाची किंमत जबर असते. तो अर्धा उजेड गिळतो. म्हणून चांगल्या पडद्यांत त्याच्याआधी आणखी एक पापुद्रा असतो, माझ्या मते या सगळ्या चळतीतला सगळ्यात देखणा. दोन प्रकारच्या प्लास्टिकचे शेकडो थर आळीपाळीनं रचलेले, एकेक थर प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही पातळ. ही रचना एका दिशेनं ताणतात. ताणलेल्या दिशेत दोन्ही प्लास्टिकचे अपवर्तनांक वेगळे होतात, आडव्या दिशेत मात्र सारखेच राहतात. त्यामुळे एका दिशेच्या कंपनांना हा पापुद्रा काचेसारखा स्वच्छ असतो आणि दुसऱ्या दिशेच्या कंपनांना आरसा. जो उजेड ध्रुवकात मेला असता, तो परत मागं जातो, विखुरतो, त्याची दिशा बदलते आणि त्याला पुन्हा संधी मिळते. धातूचा कणही न वापरता केलेल्या अशा आरशांचं शास्त्र ३एम कंपनीच्या संशोधकांनी २००० साली 'सायन्स'मध्ये मांडलं.

इतकं सगळं झाल्यावर कुठं द्रवस्फटिकांची पाळी येते. १८८८ मध्ये प्रागमध्ये फ्रीड्रिख रायनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलचा एक पदार्थ दोनदा वितळताना दिसला, १४५.५ अंशांना गढूळ आणि १७८.५ अंशांना नितळ. मधल्या गढूळ अवस्थेत पदार्थ वाहतो, तरी रेणू शिस्तीत उभे असतात. या कुतूहलाचा पडदा व्हायला ८० वर्षं गेली. १९७० च्या डिसेंबरमध्ये स्वित्झर्लंडच्या हॉफमन-ला रोश या औषध कंपनीतल्या मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फरिश यांनी पेटंटचा अर्ज केला. दोन काचांमध्ये रेणूंची रांग तळापासून माथ्यापर्यंत ९० अंशांनी पिळायची. उजेडाची कंपनंही त्या पिळाबरोबर वळतात आणि वरच्या आडव्या ध्रुवकातून पार होतात. दोन-चार व्होल्टचा दाब दिला की रेणू उभे राहतात, पीळ मोडतो, उजेड ध्रुवकावर आपटून संपतो. तो ठिपका काळा. आजच्या बहुतेक मोबाइल एलसीडींत रेणू उभे राहण्याऐवजी आडवेच फिरतात, पण दारवानाचं काम तेच. मग लाल-हिरव्या-निळ्या गाळण्या उरल्यासुरल्यातला दोन तृतीयांश खातात आणि मामला संपतो.

जुने पडदे बाजूनं पाहिले की रंग उलटे व्हायचे, काळ्याचं पांढुरकं व्हायचं. त्यावरच्या उताऱ्याची मुळं बंगळुरूत आहेत. द्रवस्फटिक म्हणजे काडीसारखे लांबट रेणू, अशीच सगळ्यांची समजूत होती. १९७७ मध्ये रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर, सदाशिव आणि सुरेश या तिघांनी चकतीसारखे रेणूही द्रवस्फटिक होतात हे दाखवलं आणि ते 'प्रमाण' या भारतीय नियतकालिकात छापलं. (हे चंद्रशेखर सी. व्ही. रामन यांचे भाचे. ताऱ्यांवर नोबेल मिळवणारे चंद्रशेखर रामन यांचे पुतणे. घराणंच उजेडाच्या मागं लागलेलं.) पुढं नव्वदच्या दशकात जपानच्या फुजी कंपनीनं अशाच चकती-रेणूंची तिरकी मांडणी गोठवून एक शीट बनवली. काडीरेणू तिरप्या किरणांची जी गडबड करतात, ती हे चकतीरेणू उलट्या बाजूनं फेडतात. जगभरच्या लाखो पडद्यांवर ती शीट चढली.

आता ओएलईडी आले आहेत. त्यांचा प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, काळा म्हणजे खरोखर विझलेला. मागची पाटी, लोलक, पापुद्रे सगळं निकालात. पण पूर्ण आंतरिक परावर्तन काही पाठ सोडत नाही. ओएलईडीचा उजेड ज्या थरांत जन्मतो त्यांचा अपवर्तनांक काचेहून जास्त, काचेचा हवेहून जास्त. साध्या बांधणीत जेमतेम पाचवा हिस्सा बाहेर येतो, बाकीचा थरांच्या आत आणि काचेत घुटमळत राहतो. कोलादोनच्या धारेत जे वरदान होतं ते इथं कोठडी झालं. २०२३ मध्ये बाजारात आलेल्या काही ओएलईडी टीव्हींनी त्यावर उपाय म्हणून प्रकाश देणाऱ्या थरावर अब्जावधी सूक्ष्म भिंगांचे उंचवटे उठवले, म्हणजे सपाटी मोडली की किरणाचा कोन बिघडतो आणि तो सुटतो. अॅक्रिलिकच्या पाटीवरचे ते पांढरे ठिपके हेच करत होते.