११ हजार पौंड ओढणारा ट्रक ८ हजारांच्या ट्रेलरला कमी कसा पडतो?

उन्हाळा सुरू झाला की अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या स्टेटसवर एक फोटो हमखास दिसतो. पुढे भलामोठा पिकअप ट्रक, त्याच्या मागे पांढरंशुभ्र तीस फुटी घर आणि पाठीमागे यलोस्टोनचे नाहीतर कोलोरॅडोचे डोंगर. त्या घराला म्हणतात ट्रॅव्हल ट्रेलर. आत पलंग, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम, फ्रीज, सगळं असतं. नसतं ते फक्त इंजिन. म्हणून ते ओढायला ट्रक लागतो.

आता प्रश्न येतो, कोणता ट्रक? बहुतेक जण जाहिरातीतला एक आकडा बघतात. 'हा ट्रक ११,००० पौंड ओढतो.' आपला ट्रेलर ८,००० पौंडांचा. म्हणजे ३,००० पौंड शिल्लकच की! सौदा पक्का होतो.

आणि नेमकी इथेच चूक होते. हा ट्रक ट्रेलर ओढेल यात शंका नाही. पण बायको, दोन मुलं आणि सामान घेऊन, घाट उतरताना, तो सगळा भार सुरक्षित पेलेल का, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर जाहिरातीत मिळत नाही. ते ड्रायव्हरचा दरवाजा उघडल्यावर, चौकटीवर चिकटवलेल्या एका छोट्याशा स्टिकरवर असतं.

(एक पौंड म्हणजे साधारण ०.४५ किलो. अमेरिकेत सगळा हिशोब पौंडात चालतो, म्हणून इथेही तोच ठेवला आहे.)

आधी बैलगाडी समजून घेऊ

गावाकडच्या जुन्या माणसांना दोन शब्द पक्के माहीत असतात, धुरजड आणि उलाळ. गाडीत माल पुढे जास्त भरला की गाडी धुरजड होते, म्हणजे सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते, म्हणजे जू वर उचललं जातं. चांगला गाडीवान माल असा रचतो की बैलांच्या मानेवर थोडा भार राहील, पण मान मोडणार नाही.

ट्रॅव्हल ट्रेलरचं गणित हेच आहे. ट्रेलरचं बहुतेक वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं. पण पुढचा जो दांडा ट्रकला जोडतात, तो ट्रकच्या मागच्या टोकाला खाली दाबतो. या दाबाला टंग वेट म्हणतात. तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो.

यापेक्षा कमी असेल तर ट्रेलर उलाळ होतो आणि वेगात असताना शेपूट हलवल्यासारखा डावीकडे-उजवीकडे झोलायला लागतो. याला स्वे म्हणतात. एकदा हा झोल वाढला की तो ट्रकलाही सोबत घेऊन रस्त्याबाहेर जाऊ शकतो. दाब प्रमाणाबाहेर गेला तर उलट होतं. ट्रकचं मागचं टोक बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टीअरिंग व ब्रेक दोन्हींची पकड कमी होते.

म्हणजे टंग वेट कमी करून सुटका नाही. ते ट्रकला पेलावंच लागतं.

मग तो स्टिकर काय सांगतो?

ट्रकच्या दरवाजाच्या चौकटीवर टायरच्या माहितीचा एक स्टिकर असतो. त्यावर लिहिलेलं असतं, की प्रवासी आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त वजन होता कामा नये. हे त्या ट्रकचं पेलोड. 'त्या ट्रकचं' हा शब्द महत्त्वाचा. एकाच मॉडेलचे, एकाच रंगाचे दोन ट्रक शेजारी उभे असतील, तरी त्यांच्या पेलोडमध्ये काहीशे पौंडांचा फरक असू शकतो. सनरूफ, चामड्याच्या भारी सीट, फोर व्हील ड्राइव्ह, मोठी केबिन अशी प्रत्येक चैन ट्रकचं स्वतःचं वजन वाढवते आणि तेवढं पेलोड खाते.

टंग वेट या पेलोडमध्येच धरायचं असतं. जाहिरात ही गोष्ट ठळकपणे सांगत नाही.

एक उदाहरण घेऊ. चार जणांचं कुटुंब आहे. ट्रेलर भरल्यावर ८,००० पौंडांचा होतो. ट्रक ११,००० पौंड ओढण्याची क्षमता सांगतो आणि त्याच्या स्टिकरवर पेलोड आहे १,५५० पौंड. आता बेरीज करू.

- टंग वेट, १३ टक्क्यांनी: १,०४० पौंड
- आई, बाबा आणि दोन मुलं: ४९० पौंड
- ट्रेलर जोडायची वजनदार हिच: १०० पौंड
- मागच्या हौद्यात जनरेटर, सायकली, कूलर: २०० पौंड

एकूण झाले १,८३० पौंड. म्हणजे मर्यादेपेक्षा २८० पौंड, जवळपास १२७ किलो जास्त. ओढण्याच्या हिशोबात ३,००० पौंड शिल्लक होते, पण पेलण्याच्या हिशोबात ट्रक नापास झाला.

कंपनीचा आकडा खोटा असतो का?

नाही. पण तो कोणत्या परिस्थितीत काढला आहे हे बघावं लागतं.

पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने हा आकडा ठरवायची. मग अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने जे२८०७ नावाचं एक समान मानक आणलं. टोयोटाने २०११ च्या टुंड्रापासून ते सर्वांत आधी स्वीकारलं. अमेरिकेच्या तिन्ही मोठ्या कंपन्या नंतर आल्या.

यातली एक चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळच्या चढावर आधारित आहे. सुमारे ११.४ मैलांचा चढ, १०० अंश फॅरनहाइटच्या आसपासचं ऊन, एसी पूर्ण चालू आणि ट्रेलर जोडलेला. अशा स्थितीत पिकअपने वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. चाचणी कडकच आहे.

पण या हिशोबात ट्रकमध्ये दोनच माणसं धरलेली असतात, प्रत्येकी १५० पौंडांची. टंग वेट धरलेलं असतं १० टक्के. मागच्या सीटवरची मुलं, कुत्रा, सायकली आणि जनरेटर यांचा त्यात पत्ता नसतो. शिवाय जाहिरातीतला सर्वांत मोठा आकडा एखाद्याच विशिष्ट रचनेचा असतो. उदाहरणार्थ, २०२४ च्या एफ-१५० साठी फोर्डने कमाल १३,५०० पौंड सांगितले. ते ठरावीक इंजिन आणि टोइंग पॅकेज घेतलं तरच. शोरूममध्ये उभा असलेला प्रत्येक एफ-१५० तेवढं ओढत नाही.

ट्रेलरचं खरं वजन कोणतं धरायचं?

विक्रेता 'ड्राय वेट' सांगतो, म्हणजे रिकाम्या ट्रेलरचं वजन. पण रिकामा ट्रेलर घेऊन कोण फिरायला जातं? ४० गॅलनची पाण्याची टाकी भरली की तिथेच ३३० पौंड वाढले. त्यात गॅसच्या टाक्या, बॅटरी, भांडी, कपडे, किराणा, खुर्च्या. वजन बघता बघता हजार-दीड हजार पौंडांनी वाढतं.

म्हणून ट्रक निवडताना ट्रेलरवर लिहिलेलं जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे पूर्ण भरल्यावरचं कमाल वजन धरावं. हिशोब त्यावर बसला तर पुढे चिंता नाही.

वजनाइतकाच महत्त्वाचा असतो वारा. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे आठ फूट रुंद आणि दहा-अकरा फूट उंच भिंत. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. त्यामुळे तेवढ्याच वजनाची ट्रॉलीवरची बोट सहज ओढणारा ट्रक या भिंतीपुढे धापा टाकतो. बाजूने मोठा कंटेनर गेला की त्याच भिंतीला धक्का बसतो.

हाफ टन, थ्री-क्वार्टर टन, वन टन: भानगड काय?

अमेरिकेत पिकअपचे साधारण तीन वर्ग मानतात. ही नावं जुन्या काळी ट्रक किती माल वाहायचा त्यावरून पडली. आजचे ट्रक त्याहून कितीतरी जास्त वाहतात, पण नावं तशीच राहिली.

हाफ टन: फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो १५००, रॅम १५००, टोयोटा टुंड्रा. रोज वापरायला आरामदायी. भरल्यावर सहा-सात हजार पौंडांपर्यंतच्या ट्रेलरला बहुतेकदा पुरतात. त्यापुढे स्टिकर बघितल्याशिवाय बोलू नये.

थ्री-क्वार्टर टन: एफ-२५०, सिल्व्हराडो २५००, रॅम २५००. चौकट, मागचा ॲक्सल, ब्रेक आणि टायर सगळंच दणकट. तीस फुटांच्या पुढच्या ट्रेलरला हा वर्ग शोभतो. रिकामा चालवताना मात्र खड्ड्यांत आदळतो आणि पार्किंगला जड जातो.

वन टन: एफ-३५०, रॅम ३५००. हौद्याच्या मधोमध जोडतात त्या अवजड फिफ्थ व्हील ट्रेलरसाठी हे मुख्यतः घेतात. तिथे ट्रकवर येणारा भार १५ ते २५ टक्के असतो.

यात एक गंमत आहे. डिझेल इंजिन घेतलं की ओढण्याची ताकद वाढते, पण इंजिन स्वतःच जड असल्यामुळे पेलोड कमी होतं. त्यामुळे सगळ्या सोयी असलेल्या डिझेल थ्री-क्वार्टर टनाचं पेलोड कधी कधी साध्या पेट्रोलवाल्यापेक्षा कमी निघतं. 'मोठा ट्रक घेतला म्हणजे झालं' असं नाही. स्टिकर तिथेही बघायचाच.

चढापेक्षा उताराची काळजी करा

चढावर ट्रक कमी पडला तर फार तर हळू चालेल. उतारावर कमी पडला तर थांबणार नाही. कोलोरॅडोत आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा ११ हजार फुटांहून उंच आहे आणि तिथून उतरताना ७ टक्क्यांचा उतार लागतो. सतत ब्रेक दाबला की ब्रेक तापतात आणि पकड सोडतात. आपल्याकडचे जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. तोच नियम इथेही. डिझेल ट्रकचा एक्झॉस्ट ब्रेक इथे खूप मदत करतो.

उंचीवर हवा विरळ असते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्क्यांनी घटते. डोंगराळ भागात जायचं असेल तर टर्बो इंजिन बरं.

ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतात. ते चालवणारा ब्रेक कंट्रोलर ट्रकमध्ये हवाच. ट्रेलर झोलायला लागला तर ट्रकचा ब्रेक करकचून दाबू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टीअरिंग सरळ धरा आणि कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावा. मोठ्या ट्रेलरसाठी वेट डिस्ट्रिब्युशन हिचही घ्या. ती मागे आलेला भार थोडा पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर वाटून देते. मात्र तिच्यामुळे स्टिकरवरची मर्यादा वाढत नाही.

इलेक्ट्रिक पिकअप चालेल का?

ताकद भरपूर असते. फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंगची कमाल क्षमता १०,००० पौंड होती. अडचण पल्ल्याची आहे. मोठा ट्रेलर जोडला की एका चार्जमध्ये कापलं जाणारं अंतर निम्म्यावर येतं. शिवाय बऱ्याच चार्जिंग स्टेशनवर ट्रेलर सोडवून बाजूला लावावा लागतो. जवळच्या कॅम्पसाठी ठीक, लांबच्या सहलीसाठी नाही.

सौदा करण्याआधी

शोरूममध्ये पहिल्यांदा दरवाजा उघडून स्टिकरचा फोटो काढा. ट्रेलरच्या जीव्हीडब्ल्यूआरचे १३ टक्के काढा. त्यात घरच्या सगळ्यांचं वजन, हिच आणि हौद्यातलं सामान मिळवा. बेरीज स्टिकरपेक्षा कमी आली आणि थोडी जागाही उरली, तरच पुढे बोला. नाही आली तर दोनच मार्ग आहेत. ट्रक मोठा घ्या, नाहीतर ट्रेलर छोटा.

पहिल्या सहलीला निघताना सगळं भरून ट्रकचालकांच्या थांब्यावरच्या वजनकाट्यावर जा. थोड्या डॉलरांत प्रत्येक ॲक्सलवरचं वजन छापून मिळतं. कॅलिफोर्नियात असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल आहे आणि १०,००० पौंडांवरच्या ट्रॅव्हल ट्रेलरसाठी वेगळ्या वर्गाचं लायसन्स लागतं.

सेल्समन विचारेल, 'किती ओढायचंय?' तुम्ही उलट विचारा, 'हा नेमका ट्रक पेलतो किती?' तो ब्रोशर उघडायला लागला, तर तुम्ही सरळ दरवाजा उघडा.