गेमिंग संगणक घेताना : यादीतील कोऱ्या जागा

दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या की अनेक घरांत एक मागणी पुढे येते. मुलाला किंवा मुलीला संगणक हवा असतो. साधा नव्हे, ‘गेमिंग पीसी’. मोबाइलवर एक चित्र दाखविले जाते. काचेच्या पेटीत लाल-निळे दिवे उजळलेले असतात आणि खाली एकच ओळ असते : ‘आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबी एसएसडी.’ आई अभ्यासाचे काय ते विचारते, वडील किमतीचे. आजोबांचे आयुष्य धान्याच्या पेठेत गेले असेल, तर त्यांचा प्रश्न मात्र निराळाच असतो : ‘पोत्याच्या तोंडाशी दिसतो तो माल चांगला आहे, पण तळाशी काय आहे?’

तयार संगणकाच्या खरेदीत याहून मोलाचा प्रश्न नाही. वरची ओळ खोटी असेलच असे नाही. ती अपुरी असते. आय७ कोणत्या सालचा? रॅमच्या पट्ट्या किती? ग्राफिक्स कार्डाचे नाव काय? आणि या सर्वांना वीज पुरविणाऱ्या एसएमपीएसचा उल्लेखच का नाही? ज्या भागांची नावे ग्राहकाला ठाऊक असतात ते ठळक अक्षरांत छापले जातात. ज्यांची नसतात, तेथे काटकसर होते. म्हणून यादी वाचताना लिहिलेल्या शब्दांइतकेच न लिहिलेल्या शब्दांकडेही लक्ष द्यावे.

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा अशा खरेदीचा जुना बाजार. तेथे काय किंवा तालुक्याच्या गावातील दुकानात काय, संगणक दोन प्रकारे मिळतो : कंपनीने बांधून सीलबंद केलेला, अथवा दुकानदाराने भाग जुळवून दिलेला. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक भाग ग्राहकाला ठरविता येतो. पहिल्यातही बहुधा दोन-तीन पर्याय असतातच. निवड करावयाची तर कोणता भाग काय काम करतो, हे घरातील एकाला तरी ठाऊक हवे.

प्रथम पडदा, मग पेटी

खरेदीचा आरंभ मॉनिटरपासून करावा. पडद्यावरील चित्र बिंदूंचे बनलेले असते. १९२० × १०८० या ‘फुल एचडी’ पडद्यावर सुमारे २०.७ लाख बिंदू असतात, २५६० × १४४० च्या पडद्यावर सुमारे ३६.९ लाख आणि ‘फोर-के’ पडद्यावर सुमारे ८२.९ लाख, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट. हे सर्व बिंदू ग्राफिक्स कार्डाला दर सेकंदाला अनेक वेळा नव्याने रंगवावे लागतात. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखवितो, १४४ हर्ट्झचा १४४. पहिल्यासाठी एक चित्र तयार करावयास सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, दुसऱ्यासाठी सातच्या आत.

यावरून हिशेब स्पष्ट होतो. घरी फुल एचडी, ६० हर्ट्झचा मॉनिटर असेल तर अतिमहाग कार्डाची शक्ती वाया जाते. आणि फोर-के पडदा घेऊन कार्ड बेताचे ठेवले, तर चित्र अडखळत पुढे सरकते. कोणते खेळ खेळायचे आहेत हेही आधीच ठरवावे. ‘व्हॅलोरंट’सारखा २०२० चा स्पर्धात्मक खेळ साध्या कार्डावरही उत्तम चालतो. त्याच वर्षीचा ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’ मात्र कार्ड आणि प्रोसेसर दोघांचीही परीक्षा पाहतो, आणि त्याला दीडशे जीबी जागा लागते.

ग्राफिक्स कार्ड : आकडा नव्हे, नाव

गेमिंग संगणकात सर्वाधिक खर्च याच भागावर व्हावा. एकूण रकमेचा तिसरा हिस्सा, किंवा त्याहून थोडा अधिक, कार्डासाठी ठेवणे ही जाणकारांची सर्वसाधारण रीत आहे. फसगतही येथेच अधिक होते, कारण जाहिरातीत कार्डाचे नाव नसते, केवळ मेमरी असते. ‘जीटी ७३०’ हे २०१४ चे कार्ड ४ जीबी मेमरीसह विकले गेले; २०१९ च्या ‘जीटीएक्स १६५०’ कार्डाचीही मेमरी ४ जीबीच. आकडा एक, पण कामात महदंतर. पहिले कार्ड चित्रपट पाहण्यास आणि कार्यालयीन कामास पुरते. दुसरे खेळांसाठीच घडविलेले आहे. मेमरी हे गोदाम आहे, कारागीर नव्हे; गोदामाच्या आकारावरून कारागिराचा हात ओळखता येत नाही.

याचा अर्थ मेमरी गौण आहे असा नव्हे. नव्या खेळांतील उंची चित्रांना ८ जीबीही काही वेळा अपुरी पडते. परंतु आधी कार्डाचे पूर्ण नाव विचारावे, मग मेमरी पाहावी. ‘आरटीएक्स ४०६०’ आणि ‘आरटीएक्स ४०६० टीआय’ यांत दोनच अक्षरांचा फरक दिसत असला, तरी ती दोन वेगळी कार्डे आहेत.

प्रोसेसर : नावामागील पिढी

‘आय७’ हे घराण्याचे नाव आहे. पिढी त्याच्या पुढील आकड्यांत असते. २०१२ चा ‘आय७-३७७०’ आणि २०२२ चा ‘आय३-१२१००’ यांची तुलना बोलकी आहे. दोहोंत चारच कोअर व आठ थ्रेड. तरीही नाव धाकटे असलेला आय३ जुन्या आय७ ला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ साठी इंटेलची साधारणतः आठवी किंवा त्यानंतरची पिढी अधिकृतरीत्या आवश्यक आहे, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे जुना आय७ बसविलेला ‘नवा’ संगणक पहिल्या दिवसापासूनच मागे पडलेला असतो.

नावातील शेवटचे अक्षरही वाचावे. ‘आय५-१२४००एफ’मधील ‘एफ’ सांगतो की, या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही. तो स्वस्त पडतो आणि स्वतंत्र कार्ड असताना काही अडत नाही; मात्र कार्ड दुरुस्तीला गेले की पडदा कोरा राहतो.

मदरबोर्ड निवडताना उद्याचा विचार करावा. एएमडीचा ‘रायझन ५ ५६००’ एएम४ बोर्डावर आणि डीडीआर४ रॅमसह चालतो. ‘रायझन ५ ७६००’ला २०२२ मध्ये आलेला एएम५ बोर्ड आणि डीडीआर५ रॅम लागते. दोन्ही प्रकारच्या रॅमच्या खाचा भिन्न असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नाही. आज चार पैसे वाचवून जुना बोर्ड घेतला, तर पुढे प्रोसेसर बदलताना बोर्ड आणि रॅमही बदलावी लागेल. अशी निवड चुकीची नसते. ती समजून केलेली असावी, इतकेच.

रॅम आणि साठवण

१६ जीबी रॅम म्हणजे १६ ची एक पट्टी की ८ च्या दोन? यादीत हे क्वचितच लिहिलेले असते. दोन पट्ट्या असल्यास प्रोसेसरला एकाच वेळी दोन वाटांनी माहिती मिळते आणि अनेक खेळांत फरक जाणवतो. एक पट्टी देऊन दुसरी खाच रिकामी ठेवणे तयार संगणकांत सर्रास आढळते. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने रॅमचे भाव झपाट्याने चढले. त्यामुळे सहा महिन्यांपूर्वीच्या दरपत्रकावर विसंबू नये.

एसएसडीतही प्रकार आहेत. साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते. एनव्हीएमई प्रकारातील चांगली एसएसडी साडेतीन हजार ते सात हजार एमबीपर्यंत पोहोचते. खेळताना हा फरक जाहिरातीइतका मोठा वाटत नाही. पण किंमत जवळपास सारखी असेल, तर कमी वेगाची घेण्याचे कारण नाही. दीडशे जीबीचे दोन खेळ ठेवले की ५१२ जीबीतील निम्म्याहून अधिक जागा संपते. म्हणून एक टीबीचा विचार आधीच करावा.

न दिसणारा आधार : एसएमपीएस

यादीत बहुधा ज्याचे नाव नसते आणि बिघडल्यास जो इतरांनाही सोबत नेऊ शकतो, तो भाग म्हणजे एसएमपीएस. घरातील २३० व्होल्ट विजेचे तो संगणकास लागणाऱ्या १२, ५ व ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करतो. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर यांची मुख्य भूक १२ व्होल्टची असते. म्हणून पेटीवरील ‘४५० वॅट’ हा मोठा आकडा पाहून समाधान मानू नये. बाजूच्या लेबलावर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि १२ ने गुणावे. तेथे २० अँपिअर असतील, तर प्रत्यक्ष उपयोगाची शक्ती २४० वॅटच ठरते.

आता मागणी पाहू जाता, ‘आरटीएक्स ४०६०’ कार्ड ११५ वॅटपर्यंत वीज घेते, ‘आय५-१२४००एफ’ जोरात चालताना ११७ वॅटपर्यंत. पंखे, एसएसडी व बोर्ड मिळविले की बेरीज तीनशेच्या आसपास जाते. येथे नामांकित कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस निर्धास्त काम करील. वरील २४० वॅटचा मात्र ऐन खेळात संगणक बंद पाडील, किंवा याहून वाईट काही घडेल. ‘८० प्लस’ हा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो, सुरक्षिततेची ग्वाही देत नाही. म्हणून कंपनी, मॉडेल आणि हमीची वर्षे या तिन्ही गोष्टी यादीत लिहून घ्याव्यात. येथे वाचविलेले दोन हजार रुपये पुढे कार्डाच्या किमतीने फेडावे लागू शकतात.

वीज वारंवार जाणाऱ्या गावांत यूपीएसचाही हिशेब हवा. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॅटचाच भार पेलतो. मोठ्या कार्डाचा संगणक आणि मॉनिटर त्यावर जोडल्यास वीज जाताच दोन्ही बंद पडण्याचा संभव असतो.

उष्णता, धूळ आणि काच

उन्हाळ्यात विदर्भात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. पंख्याचा कूलर यंत्राला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीच तापलेली असेल तर चिपही तापते, आणि स्वतःला वाचविण्यासाठी आपला वेग कमी करते. म्हणून पुढून काचेने बंद केलेल्या देखण्या कॅबिनेटपेक्षा जाळीचे कॅबिनेट बरे. समोर दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, एवढी योजना बहुतेकांस पुरते. धूळजाळी काढून धुता येते का, तेही विचारावे. दिव्यांवर जाणारा पैसा पंख्यांवर गेला, तर संगणक अधिक काळ टिकतो.

कंपनीच्या सीलबंद संगणकात आणखी एक गोष्ट तपासावी. १९९५ पासून प्रचलित असलेल्या ‘एटीएक्स’ मापाचे भाग कोणत्याही दुकानात मिळतात. परंतु काही सीलबंद यंत्रांतील बोर्ड व एसएमपीएस कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात. पुढे असा भाग बदलावा लागला, तर बाजारातील भाग त्यात बसत नाही.

बिल आणि पहिला दिवस

बिलाशिवाय स्वस्तात देण्याचा प्रस्ताव आला, तर नम्रपणे नाकारावा. जीएसटीसह पक्के बिल, त्यावर प्रत्येक भागाचे पूर्ण नाव आणि अनुक्रमांक असेल तरच हमीला अर्थ असतो, कारण जुळविलेल्या संगणकात प्रत्येक भागाची हमी वेगळी असते. भागांची रिकामी खोकीही मागून घ्यावीत.

घरी आल्यावर तीन गोष्टी न विसरता पाहाव्यात. मॉनिटरची तार मदरबोर्डाला नव्हे, तर ग्राफिक्स कार्डाला जोडलेली हवी. ही साधी चूक झाली की महाग कार्ड निष्क्रिय पडून राहते. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ निवडलेले हवे, अन्यथा पडदा ६० वरच चालू राहू शकतो. बायोसमध्ये रॅमचे एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल सुरू आहे ना, तेही पाहावे. नसल्यास रॅम आपल्या पूर्ण वेगाने चालत नाही.

हाच संगणक चित्रफितींचे संपादन करतो, त्रिमितीय आकृत्या घडवितो आणि प्रोग्रॅमिंग शिकण्यासही उपयोगी पडतो. म्हणून तो केवळ खेळणे ठरत नाही. तो घरात कोठे ठेवायचा, किती वेळ वापरायचा आणि कोणते खेळ चालतील, हे पैसे देण्यापूर्वीच सर्वांनी बसून ठरवावे. दुकानात जाण्याआधी एका कागदावर नऊ नावे लिहावीत : मॉनिटर, ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कूलर, कॅबिनेट. प्रत्येकापुढे कंपनी, मॉडेल व हमी यांसाठी जागा सोडावी. हा कागद मुलानेच लिहावा आणि दुकानदाराकडून भरून घ्यावा. एखादी जागा कोरी राहिली, तर ती भरेपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नये. आजोबांनी पोत्याच्या तळाचा माल पाहिल्याशिवाय कधी सौदा केला नाही; नातवाच्या हातात तीच सवय या कागदाच्या रूपाने येईल.