स्किन, सॉफ्टवेअर आणि शिवशाहीची वेलांटी

व्हिडिओ गेममधील ‘स्किन’ म्हणजे त्रिमितीय आकृतीच्या पृष्ठभागावर चढवले जाणारे सपाट चित्र होय. ते कोणत्या सॉफ्टवेअरात करावे याचे उत्तर गेल्या दोन दशकांत कुंचल्यांच्या गुणवत्तेपेक्षा गेमच्या फाइलनेच अधिक ठरवले. घरोघरी संगणक येत होते, आणि २००३ मध्ये संगणकावर आलेल्या ‘जीटीए : व्हाइस सिटी’त ठराविक फोल्डरमध्ये बीएमपी चित्र टाकले की नायकाचा पेहराव बदलत असे, एवढ्या कामाला विंडोजबरोबर येणारे पेंट पुरे पडे.

माइनक्राफ्ट या गेमने हे गणित बदलले. तिथली स्किन आधी ६४ बाय ३२ आणि २०१४ पासून ६४ बाय ६४ घरांची, म्हणजे चादरीचा नमुना आलेख-कागदावर घर-घर रंगवून उतरवणाऱ्या सोलापूरच्या नक्षीकाराला चटकन उमगावी अशी. परंतु टोपीच्या थरातील रिकामी घरे पारदर्शक ठेवावी लागत आणि पेंट ती पांढरी करून टाकी, म्हणून पारदर्शकता जपणारी गिम्प व पेंट डॉट नेट ही मोफत साधने पुढे आली. २०१३ नंतर वर्गणीवर गेलेले फोटोशॉप शाळकरी मुलांसाठी तसेही दूरच होते.

खरी कसोटी लागली ती मराठी अक्षरांची. २०१७ मध्ये ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ हा गेम आला, त्याच वर्षी एसटीची शिवशाही बसही रस्त्यावर आली, आणि गाडीची बाह्य रंगसंगती, म्हणजे लिव्हरी, स्वतः बनवून चढवण्याची सोय असल्याने लालपरी व शिवशाही इंडोनेशियातल्या रस्त्यांवर धावू लागल्या. देवनागरीची जुळणी न जाणणाऱ्या फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत ‘शिवशाही’ची पहिली वेलांटी श ओलांडून पलीकडे पडे आणि ‘महाराष्ट्र’मधील जोडाक्षर पाय मोडून सुटे होई, तर गिम्पमध्ये पँगो या अक्षरजुळणी प्रणालीमुळे तीच पाटी सरळ उमटे. पुढे पिक्सेललॅब, पिक्सआर्ट यांसारखी मोबाइल अॅप रुळली, कारण गेमही फोनवरच होता आणि तयार चित्र गॅलरीतून थेट त्यात घेता येई. बोटाने बारीक पट्टा सरळ ओढणे मात्र तितकेसे सोपे नव्हते.

पेंटला थर आणि पारदर्शकता २०२३ मध्ये मिळाली, तोवर हे काम बव्हंशी संगणकावरून उठून गेले होते.