बॅटरी ‘उकळते’ तेव्हा…

मंचरहून घोडेगाव, डिंभेमार्गे भीमाशंकरला जाणाऱ्या रस्त्यावर जुन्या जीपगाड्या अजूनही धावतात. पावसाळ्यात इथे दिवसाही धुके असते, त्यामुळे दिव्यांशिवाय भागत नाही. अशा गाडीचे बल्ब वारंवार उडू लागले, बॅटरीतले पाणी आठवड्यात आटू लागले आणि सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागला, तर बॅटरीला गरजेपेक्षा जास्त चार्जिंग मिळते आहे असे समजावे.

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. पूर्ण भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. रेस वाढवल्यावर काटा १५च्या पुढे गेला, की बॅटरीतल्या पाण्याचे विघटन जोरात होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. हवेत हायड्रोजन अवघा चार टक्के झाला तरी एक ठिणगी स्फोटाला पुरते.

चार्जिंगवर नियंत्रण ठेवतो तो रेग्युलेटर. तरी तो लगेच बदलण्याची घाई नको. जुन्या गाड्यांत त्याचे अर्थिंग बहुधा बॉडीतूनच होते. दमट हवेत तिथे गंज चढला, की रेग्युलेटरला व्होल्टेज प्रत्यक्षापेक्षा कमी भासते आणि तो चार्जिंग वाढवत राहतो. इंजिन चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी रेग्युलेटरच्या बॉडीवर धरावी. फरक ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आला, तर जोड घासून, घट्ट आवळून पुन्हा मोजावे. अर्थिंग चांगले असूनही व्होल्टेज चढत असेल, तर बॅटरीकडून रेग्युलेटरकडे येणारी वायर आणि शेवटी रेग्युलेटर तपासावा.

कधी मीटर १४ व्होल्टच दाखवते, तरी बॅटरी उकळते. तेव्हा एखादा सेल शॉर्ट झालेला असू शकतो. सहांचा भार पाचांवर येतो आणि प्रत्येकाला २.३३ऐवजी २.८ व्होल्ट सोसावे लागतात. अशी बॅटरी बदलावीच लागते.

घाटातच त्रास सुरू झाला, तर मोकळ्या जागी थांबून इंजिन बंद करावे, बॉनेट उघडून वायू जाऊ द्यावा. जवळ काडी, विडी पेटवू नये. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढणे धोक्याचे. त्या झटक्याने अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात. बॅटरी थंड झाल्यावरच झाकणे उघडावीत आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, अॅसिड नव्हे.

अॅसिड डोळ्यात उडाले, तर लगेच स्वच्छ पाण्याने किमान २० मिनिटे डोळा धुवावा, चोळू नये. त्यानंतर थेट डॉक्टर गाठावा. घाटात दवाखाना लांब असतो. म्हणून टूलबॉक्सशेजारी पाण्याचा कॅन आणि साधा चष्मा असलेला बरा.