बेने इस्रायल : स्थलांतर आणि कुटुंब

कोकणातील बेने इस्रायल समाजाच्या स्मृतीत दोन प्रवास आहेत. पहिल्याला परंपरेचा आधार आहे. अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले व त्यातून वाचलेली सात जोडपी ही आपले पूर्वज, असे हा समाज मानतो. दुसरा प्रवास अगदी अलीकडचा. १९४८ साली इस्रायल राष्ट्राची स्थापना झाली आणि पुढील काही दशकांत समाजातील बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. भारतात त्यांचा धर्मावरून छळ झालेला नव्हता. श्रद्धा, आप्तांची ओढ आणि चांगल्या भवितव्याची आशा यांमुळे ती निघाली.

कोकणात ही मंडळी तेलाचे घाणे चालवीत व शनिवारी काम बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर ही त्यांची आडनावे गावांवरून पडली. प्रार्थनेची भाषा हिब्रू असली तरी घरची भाषा मराठीच होती. नवस फेडताना एलिया प्रेषिताच्या नावाने पोहे, गूळ आणि खोबरे यांचा मलिदा होई. बायबलमधील कथांवर मराठी कीर्तनेही होत.

इस्रायलमध्ये बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत त्यांची वस्ती झाली. आरंभीचा काळ कष्टाचा होता. भेदभावाची तक्रार करून १९५१-५२ मध्ये काहींनी धरणे धरले आणि त्यांतील काही जण भारतात परतलेही. जे राहिले, त्यांच्या घरातील क्रम हळूहळू उलटा झाला. मुलांनी शाळेत व सैन्यात हिब्रू आत्मसात केली. वडीलधाऱ्यांना मात्र प्रौढ वयात ती लिपीपासून शिकावी लागली. ज्यांच्या शब्दावर घर चाले, त्यांना कचेरीतील कागद मुलांकडून वाचून घेण्याची वेळ आली. नातवंडांना आजीचे बोलणे पुरते कळेनासे झाले.

याच सुमारास त्या आजीचीच साक्ष महत्त्वाची ठरली. १९६२ साली तेथील प्रमुख धर्मपीठाने, बेने इस्रायल व्यक्तीचा विवाह इतर यहुदी व्यक्तीशी लावण्यापूर्वी तिच्या मातृकुळाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी, असा आदेश काढला. शतकानुशतके शब्बाथ पाळणाऱ्या समाजाला हा अपमान वाटला. त्याने आंदोलन केले आणि १९६४ मध्ये संसदेने हे लोक सर्वार्थाने यहुदीच आहेत, असे घोषित केले. त्यानंतर आदेशात बदल झाला. या लढ्यात तरुण व वृद्ध एकत्र उभे राहिले. परंतु भाषेमुळे पडलेले अंतर त्याने मिटले नाही.

१९८५ मध्ये इस्रायलमधून 'मायबोली' हे मराठी नियतकालिक निघू लागले. वडील पिढीला त्याचा मोठा आधार वाटला. तेथे जन्मलेली मुले मलिद्याच्या ताटाभोवती आजही बसतात. ते ताट वाढताना आजी जे मराठीत सांगे, ते मात्र त्यांना हिब्रूत विचारून घ्यावे लागते.